पळणं सोडायचं म्हणते! मुलं मैदानाकडे पाठ का फिरवतात? (नाशिककर पालक, शिक्षक, खेळाडू, सगळे या)

त्र्यंबकरोडवाली:

मंडळी, धागा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते.

लेक सातवीत आहे. चौथीपासून संध्याकाळी मैदानावर जाते, ६०० मीटर पळते. गेल्या वर्षीपर्यंत मनपा स्तरावर पहिल्या तिघींत ठरलेली असायची. यंदा दिवाळीनंतर बहाणे सुरू झाले. पोट दुखतंय, प्रोजेक्ट राहिलाय, आज सर येणार नाहीत. परवा सरळच म्हणाली, "मला नाही जायचं. नाही मजा येत." तिच्या बाबांचं म्हणणं, जिद्द कमी पडतेय, जरा धाक दाखवला की जाईल. प्रशिक्षक म्हणाले, "टॅलेंट आहे ताई, पण डोक्यात काहीतरी शिरलंय." काय शिरलंय ते त्यांनाही सांगता आलं नाही.

धाकटा चौथीत, अंगाने गुबगुबीत. त्याच्या शाळेच्या क्रीडादिनाला वर्गातली सात-आठ मुलं पळतात, बाकीची कडेला बसून टाळ्या वाजवतात. हा कायम टाळ्यांच्या रांगेत. पीटीचा तास असला की सकाळी त्याच्या घशाखाली दूधही उतरत नाही.

म्हणजे एकाच घरात एक पळता येतं म्हणून वैतागलेली आणि दुसरा पळता येत नाही म्हणून. यामागचं मानसशास्त्र कुणी नीट सांगेल का? "मुलांना मोटिव्हेट करा" एवढंच कृपया लिहू नका, ते व्हॉट्सॲपवर रोज सकाळी गुलाबाच्या फुलासकट येतं.

निवृत्त_शिट्टी:

ताई, मी तीसेक वर्षं पीटी शिकवली. तुमच्या धाकट्याबद्दल आधी बोलतो, कारण थोरलीबद्दल बोलायला इथे पुष्कळ जण येतील. पदकवाल्या मुलांना सल्लागार कधी कमी पडत नाहीत.

आपल्याकडे शाळेत पळणं ही शिक्षा असते. वर्गात गोंगाट केला, मैदानाला दोन फेऱ्या. गणवेश नाही, वीस उठाबशा. उशीर झाला, बेडूकउड्या. मराठीच्या बाई कधी म्हणतात का, "दंगा केलास ना, मग आता शिक्षा म्हणून ही कविता वाच"? म्हणाल्या तर मुख्याध्यापक त्यांना बोलावून घेतील. पण पीटीत हे बिनदिक्कत चालतं, आणि त्याच मुलाने मोठेपणी पहाटे उठून पांडवलेणी चढावी अशी आपली अपेक्षा.

दुसरी गोष्ट बाद होण्याच्या खेळांची. डॉजबॉल घ्या, संगीत खुर्ची घ्या. ज्याला हालचालीची सगळ्यांत जास्त गरज आहे तो पहिल्या मिनिटाला बाहेर, आणि जो मुळातच चपळ आहे तो शेवटपर्यंत आत. पस्तीस मिनिटांच्या तासात जाड मुलगा चार मिनिटं खेळतो आणि एकतीस मिनिटं भिंतीला टेकून उभा असतो. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं तरी दमवणारी हालचाल हवी म्हणते. इथे आठवड्याला दोन तास, त्यातला एक चाचणी जवळ आली की गणिताच्या सरांकडे जातो.

आणि दोन कॅप्टन करून गडी वाटून घेणं! शेवटी उरलेली दोन मुलं काय करतात ते कधी पाहिलंय? खाली वाकून बुटाची लेस बांधत बसतात. लेस आधीच बांधलेली असते. ती सोडतात आणि परत बांधतात, म्हणजे आपलं नाव कुणी घेत नाही हे आपण ऐकलंच नाही असं दाखवता येतं. मी शेवटी शेवटी चिठ्ठ्या टाकूनच संघ पाडायचो, आणि बाद झालेल्याने कडेला दोरीवरच्या दहा उड्या मारल्या की परत आत. तासाला ओरडा वाढतो, पण उभं कुणी राहत नाही.

कॉलेजरोडचा_बंड्या:

सर, आदर ठेवून सांगतो, आमच्या वेळी सर छडी घेऊन मागे पळायचे, तरी आम्ही खेळलोच ना? आताची पोरंच नाजूक झालीत राव.

निवृत्त_शिट्टी:

तुम्ही खेळलात हो. तुमच्या वर्गात पन्नास जण होते, त्यातले चाळीस आज जिने चढताना थांबतात. ते या धाग्यावर सांगायला येणार नाहीत.

मनोमन:

समुपदेशक आहे, शाळकरी खेळाडूंबरोबर बरंच काम करते, म्हणून थोडं सविस्तर.

१९७३ मध्ये अमेरिकेत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निसबेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. मुळात चित्रं काढायला आवडणारीच मुलं निवडली. एका गटाला आधी सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि रिबन लावलेलं प्रशस्तिपत्रक मिळेल. दुसऱ्या गटाला न सांगता, चित्र काढून झाल्यावर दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. काही दिवसांनी त्याच मुलांसमोर नुसते स्केचपेन ठेवले, काढा नाहीतर नका काढू. आधी आमिष दाखवलेल्या गटातली मुलं इतरांच्या निम्माच वेळ चित्रं काढत बसली. अचानक बक्षीस मिळालेल्यांवर असा परिणाम झाला नाही. म्हणजे दोष प्रशस्तिपत्रकात नव्हता. "हे कशासाठी करायचं" याचं उत्तर मुलांच्या डोक्यात बदललं होतं.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी पुढे यावर आयुष्यभर काम केलं. त्यांच्या मांडणीनुसार माणूस एखादी गोष्ट आपणहून करत राहण्यासाठी तीन गोष्टी लागतात. त्यात आपलं काही चालतं असं वाटणं, आपल्याला ते जमतंय किंवा जमत चाललंय हे दिसणं, आणि तिथे आपली माणसं असणं. ताई, तुमच्या लेकीला जिद्द आहे का हे विचारण्याआधी तिच्या मैदानाला हे तीन प्रश्न विचारा. आज काय करायचं यात तिला काही बोलता येतं का? पदकाशिवाय सुधारणा कळायला दुसरं काही आहे का? आणि तिची मैत्रीण अजून येते का? हा शेवटचा प्रश्न पालकांना फुटकळ वाटतो. माझ्याकडे येणाऱ्या मुलींत खेळ सुटण्यामागे बहुतेक वेळा तोच असतो.

अजून एक, प्रशिक्षकांसाठी. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांनी मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांना अगदी साध्या गोष्टी शिकवल्या: चांगलं केलं की लगेच सांगा, प्रयत्नाला दाद द्या, चूक झाली तर आधी धीर आणि मग सूचना, टोमणे बंद. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, असं प्रशिक्षण न घेतलेल्यांच्या हाताखालची २६ टक्के मुलं पुढच्या हंगामाला आली नाहीत, प्रशिक्षण घेतलेल्यांची फक्त ५ टक्के. आणि दोन्हीकडच्या संघांची हारजीत साधारण सारखीच होती.

सुरगाण्याचा_मास्तर:

वाचून चांगलं वाटलं, पण मॅडम, हे गंगापूर रोडचं, म्हणजे शहरातल्या सुखवस्तू घरांचं मानसशास्त्र झालं. आमच्या आश्रमशाळेत येऊन बघा.

आमच्या पोरी बक्षिसासाठीच पळतात. उघड उघड. शहरात कुठे मॅरेथॉन आहे, पहिल्या पाचांना किती रोख आहे, हे त्यांना तोंडपाठ असतं. जिंकलेल्या पैशातून भातलावणीच्या वेळी घरी खत आलेलं मी पाहिलंय. दहावी-बारावीला वाढीव क्रीडागुण मिळतात, शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पोलीस भरतीत धावणं कामी येतं. या पोरींना तुम्ही "आतून आनंद येतो म्हणून पळ" सांगाल तर त्या तोंडावर पदर घेऊन हसतील. पळण्यातला आनंद त्यांना रोज मिळतो, टेकडीवरून पाण्याचा हंडा घेऊन उतरताना.

हरसूलकडची, सावरपाड्याची कविता राऊत २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्य घेऊन आली. राष्ट्रकुलच्या इतिहासात ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी ग्वांगझूच्या एशियाडला रौप्य. तिने नाशिकला भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर विजेंदर सिंग सरांकडे घाम गाळला तेव्हा तिला कुणी तीन प्रश्न विचारले असतील असं मला वाटत नाही. पण तिच्यानंतर आमच्याकडे बाप लोकांची भाषा बदलली. आधी "पोरगी पळून काय करणार", आता "गुरुजी, हिला घेता का बघा". ही प्रेरणा बक्षिसातूनच आली की.

मनोमन:

मास्तर, तुमचा प्रतिसाद आला नसता तर माझं अर्धवट राहिलं असतं.

डेसी-रायन बाहेरच्या प्रेरणेला सरसकट वाईट म्हणत नाहीत. तिच्या पायऱ्या आहेत. सर मारतील म्हणून पळणं ही सगळ्यांत खालची. लोक काय म्हणतील, बाबांचं तोंड उतरेल म्हणून पळणं ही तिच्या वरची, आणि माझ्या मते शहरातली निम्मी मुलं इथेच अडकलेली असतात. त्याच्या वर येते तुमच्या पोरींची पायरी: मला भरती व्हायचंय, हे मी ठरवलंय, त्यासाठी पळणं मला महत्त्वाचं आहे. यात बक्षीस आहेच, पण ते त्या पोरींच्या हातात आहे, पोरी बक्षिसाच्या हातात नाहीत. अशी मुलं टिकतात.

कविता राऊतबद्दल तुम्ही जे सांगितलंत ते अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या आत्मक्षमतेच्या कल्पनेत अगदी चपखल बसतं. "मला जमेल" हा विश्वास कुठून येतो? पहिलं म्हणजे स्वतः करून बघितल्यावर. दुसरं, आपल्यासारख्याच कुणाला ते करताना पाहून. यात "आपल्यासारख्या"वर जोर आहे. सुरगाण्याच्या मुलीला ऑलिंपिकमधल्या केनियन धावपटूचा व्हिडिओ दाखवून जे होणार नाही ते सावरपाड्याच्या मुलीने करून दाखवलं. तिसरं, दुसऱ्यांचं सांगणं. चौथं, शरीर काय सांगतंय, छाती धडधडते तिचा अर्थ आपण काय लावतो. आपण सगळे मोटिव्हेशनल भाषणं देतो ती तिसऱ्यात मोडतात, आणि त्याचा जोर पहिल्यापेक्षा बराच कमी.

सुरगाण्याचा_मास्तर:

पायऱ्यांचं पटलं. आमच्याकडेही जिथे बाप म्हणतो "जिंकलीस तर ठीक, नाहीतर लग्नाचं बघू", तिथली पोरगी जिल्ह्याला चौथी आली की पुढच्या आठवड्यात मैदानावर नसते. आणि जी स्वतः ठरवून आलीये ती सातवी आली तरी सोमवारी पहाटे हजर.

कॉलेजरोडचा_बंड्या:

एक आपल्या जिल्ह्याचं माझ्याकडूनही. चांदवडच्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. विहिरी खणणारा पोरगा सैन्यात गेला, रोइंग म्हणजे वल्ही मारत बोट पळवणं शिकला, २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये १३ वा आला. पण मला २०१८ चं जकार्ता एशियाड जास्त लक्षात आहे. एकेरीच्या फायनलला तब्येत इतकी बिघडली की सगळ्यांत शेवटी आला, बोटीतून उचलून न्यावं लागलं. दुसऱ्याच दिवशी चौघांच्या बोटीत बसला आणि सुवर्ण. सोबत तिघे होते हो. एकटा असता तर खोलीतून बाहेर आला असता का, माहीत नाही. मनोमन मॅडमचा तो "तिथे आपली माणसं असणं"वाला मुद्दा मला यावरून पटला.

(नाजूक पोरांबद्दलचं मागे घेत नाही. हलकेच घ्या.)

खोखोवाली_पंचवटी:

धागा प्रेरणेचा आहे, मी दडपणाबद्दल लिहिते, चालेल ना?

राज्य स्पर्धेपर्यंत खो-खो खेळले आहे. आक्रमणात खुंटावर, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या खांबावर, सूर मारून गडी टिपणं ही माझी खासियत. सरावाला डोळे मिटून जमायचं. एका सामन्यात शेवटची दोन मिनिटं, एक गडी टिपायचा, आणि बाहेरून आवाज यायला लागला, "डावा पाय! डावा पाय पुढे!" तोपर्यंत मला माहीतही नव्हतं की मी कुठल्या पायाने उडी घेते. पायाकडे बघायला गेले आणि खुंटाच्या एक हात अलीकडे छातीवर आपटले. धावक माझ्याकडे मागे वळून बघत निघून गेली.

हे असं का होतं? येत असलेली गोष्ट ऐन वेळी का येईनाशी होते?

मनोमन:

यावर गोल्फमध्ये छान काम झालंय. (आपल्या गोल्फ क्लबवर गोल्फ सोडून सगळं चालतं, ते वेगळं.) सिअन बायलॉक आणि सहकाऱ्यांनी मुरलेल्या खेळाडूंना सांगितलं की फटका मारताना स्वतःच्या हाताच्या हालचालीकडे लक्ष द्या. त्यांचा खेळ बिघडला. मग लक्ष दुसऱ्याच कामात गुंतवलं, तर चांगला झाला. नवशिक्यांचं बरोबर उलटं, त्यांना हालचालीकडे लक्ष दिल्याने फायदा झाला. सरावाने मुरलेली गोष्ट शरीर एका झोक्यात करतं, तिचे तुकडे करून तपासायला घेतले की झोका तुटतो. त्यामुळे "डावा पाय" हे नवशिक्या मुलीला सरावात सांगायचं वाक्य आहे, पक्क्या मुलीला फायनलमध्ये ओरडून सांगायचं नाही. सामन्यात सांगायचंच असेल तर बाहेरचं काहीतरी सांगा: खुंटाचा वरचा भाग बघ, तिची पाठ बघ.

आणि धडधडीबद्दल. ॲलिसन वुड ब्रूक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत, परीक्षेआधी किंवा लोकांसमोर गाण्याआधी "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा "मला हुरूप आलाय" म्हणणाऱ्यांची कामगिरी चांगली झाली. धडधडणारं काळीज हुकमाने शांत होत नाही. त्या धडधडीला नाव कोणतं द्यायचं ते मात्र आपल्या हातात असतं.

कॉलेजरोडचा_बंड्या:

पण थोडं टेन्शन हवंच ना? तो उलट्या यूचा आलेख असतो तसा. फार कमी तरी वाईट, फार जास्त तरी वाईट.

मनोमन:

तो यर्क्स आणि डॉडसन यांचा १९०८ चा, आणि मुळात उंदरांवरचा. कल्पना ढोबळमानाने कामाची आहे, पण कामागणिक तो उंचवटा सरकतो. वजन उचलणाऱ्याला जेवढी उसळी लागते तेवढी नेमबाजाला आली तर बंदूक हलेल. नेमबाज स्वप्नील कुसाळे मूळचा कोल्हापूरकडचा असला तरी शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत असताना नाशिकला घडला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या रायफल फायनलमध्ये गुडघ्यावर आणि पोटावर झोपून नेम धरण्याच्या फेऱ्या झाल्या तेव्हा तो पदकाच्या जागेवर नव्हता. उभं राहून नेम धरण्याची फेरी सगळ्यांत अवघड, दडपणही तिथे सगळ्यांत जास्त, आणि तो वर सरकला तो नेमका तिथेच. ४५१.४ गुण, कांस्य. असं डोकं स्थिर ठेवणं जन्मजात नसतं, त्याचाही सराव करावा लागतो. आपल्याकडे मनाचा सराव म्हणजे स्पर्धेच्या आदल्या दिवशी "घाबरू नकोस" असं सांगणं.

स्प्लिटटाइम:

मुलगा पोहतो. मी रोज काठावरून मोबाइलवर प्रत्येक लॅपची वेळ घेतो, एक्सेल शीट आहे, रंग भरलेली. वरचं वाचून वाटतंय मीच खलनायक. पण मोजायचंच नाही तर सुधारणा दिसणार कशी? तुम्हीच म्हणालात ना, जमत चाललंय हे दिसायला हवं.

निवृत्त_शिट्टी:

मोजा की. शीट कुणाची आहे एवढंच विचारतो. तुमची असेल तर तो तुमच्या परीक्षेला बसतोय. त्याच्या हातात द्या. त्याला हवं तेव्हा तो भरेल, एखाद्या आठवड्यात नाही भरणार. मी सहावी-सातवीच्या वर्गाला प्रत्येकी एक छोटी वही दिली होती. महिन्यातून एकदा सहा मिनिटांत मैदानाच्या किती फेऱ्या होतात ते ज्याचं त्याने लिहायचं, कुणी कुणाची वही बघायची नाही. चालत फेऱ्या पूर्ण करणारी मुलंही "सर, माझी अर्धी फेरी वाढली" म्हणून सांगायला यायची. पहिला कोण आला हे त्या वहीत कुठेच नव्हतं, त्यामुळे शेवटचाही कुणी नव्हता.

स्प्लिटटाइम:

बघतो. रंग तरी मला भरू देईल का!

देवळालीची_मावशी:

एवढे प्रतिसाद झाले आणि एकाही माणसाने विचारलं नाही, म्हणून मी विचारते. त्र्यंबकरोडवाली, अगं, मुलगी सातवीत आहे. पाळी सुरू झाली का तिची?

दिवाळीपासून "पोट दुखतंय" म्हणतेय, आणि सगळे तिच्या जिद्दीत काय बिघडलं ते शोधत बसलेत. मैदानावर मुलींना कपडे बदलायला जागा आहे का? बाथरूमला कडी आहे का, पाणी आहे का? पॅड बदलायचं झालं तर कुठे जायचं? पांढऱ्या शॉर्टमध्ये पळायला लावतात का? चांगली स्पोर्ट्स ब्रा घेऊन दिलीस का तिला? यातलं एक जरी "नाही" असेल तर मुलगी आईलाही धड सांगत नाही. "मजा नाही येत" एवढंच म्हणते. त्यातच सगळं आलं.

आणि दुसरं. या वयात उंची भराभर वाढते, वजन वाढतं, कंबर रुंदावते, पाय आपले वाटत नाहीत. मेहनत तीच आणि वेळ मात्र तिथेच अडकते, कधी वाढतेही. ते शरीराचं काम आहे, तिचा आळस नाही. पण ज्या मैदानावर फक्त नंबरच मोजतात तिथे तिला वाटणार की आपलं संपलं. माझ्या भाचीचं हेच झालं होतं. दीड-दोन वर्षं गाडी अडली, मग पुढे कॉलेजला पुन्हा सुटली. तेवढा काळ तिच्या सरांनी तिला क्रॉसकंट्रीला टाकलं होतं, ट्रॅकवरचं घड्याळ दाखवलंच नाही.

मनोमन:

मावशी, दंडवत. हे मीच आधी लिहायला हवं असं कुणी म्हणेल, पण तुमच्या तोंडून जास्त नीट पोचलं. फक्त एक भर: मुलींसमोर वजनाबद्दल, "सुटलीस" वगैरे मैदानावर बोलणं हा या वयातला सगळ्यांत घातक टोमणा. त्यातून जेवण तोडणं सुरू होतं, आणि कमी खाऊन जास्त पळणाऱ्या मुलीची पाळी थांबू शकते, हाडं ठिसूळ होतात. तसं दिसलं तर डॉक्टरांकडेच न्या, समुपदेशन नंतर.

सुरगाण्याचा_मास्तर:

बाथरूमचा मुद्दा आमच्याकडे तर रोजचा. मुलींसाठी स्पर्धेच्या ठिकाणी आडोसा म्हणून दोन शिक्षिका ओढणी धरून उभ्या राहतात. प्रेरणेवर व्याख्यान ठेवायला निधी मिळतो, कडीला मिळत नाही.

त्र्यंबकरोडवाली:

सगळ्यांचे आभार. मावशी, तुमचा प्रतिसाद वाचून त्याच रात्री लेकीजवळ जाऊन बसले.

पाळी ऑक्टोबरात सुरू झाली, ते मला माहीत होतं. मैदानावरच्या बाथरूमला आतून कडी लागत नाही हे माहीत नव्हतं. म्हणून ती दुपारी तीनपासून पाणीच पीत नाही! शिवाय तिची जोडीदारीण सकाळच्या बॅचला गेली. आणि सर प्रत्येक शनिवारी सगळ्यांसमोर वेळा मोठ्याने वाचून दाखवतात, गेल्या महिन्यात तिची वेळ वाचून "आपल्या मॅडम आता रिटायर" म्हणाले. सगळे हसले, तीही हसली म्हणे.

मी सरांना भेटले. माणूस वाईट नाही, त्यांना वाटत होतं चिडवल्याने पोरं पेटून उठतात. कडीचं काम त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतः पाना आणून केलं. वेळा वाचायचं बंद करायला मात्र तयार नाहीत, "मग स्पर्धेची सवय कशी लागणार" म्हणतात. लेकीच्या तेवढ्या वाचू नका म्हटलं, त्याला हो म्हणाले. सध्या ती आठवड्यातून तीन दिवस सकाळच्या बॅचला जातेय, कुठले तीन ते तिने ठरवलं. पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेला नाव दिलेलं नाही. तिचे बाबा यावर नाराज आहेत, आणि अजून नाराज आहेत.

धाकट्याच्या वर्गशिक्षकांना वहीची कल्पना सांगितली. त्या म्हणाल्या छान आहे, पण पीटीचे सर निवडणुकीच्या कामावर आहेत.

निवृत्त_शिट्टी:

निवडणुकीच्या कामावर! मग तोपर्यंत घरीच सुरू करा. सोसायटीला एक फेरी, वही त्याची. सहा मिनिटं लावा आणि तुम्ही घरात जाऊन बसा, खिडकीतून बघू नका.

कॉलेजरोडचा_बंड्या:

सर, मलाही एक वही द्या. जिन्यात थांबतो.

निवृत्त_शिट्टी:

या की रविवारी सकाळी गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर. पण मिसळ आधी नाही, नंतर.

सुरगाण्याचा_मास्तर:

अवांतर होतंय, पण शहरातले एवढे पालक एका जागी परत भेटायचे नाहीत म्हणून विचारून घेतो. आमच्या दोन पोरी पुढच्या महिन्यात विभागीयला आहेत, दोघींना चार नंबरचे स्पाइक्स, म्हणजे तळाला खिळे असलेले पळायचे बूट लागतात. कुणाकडे वापरलेले असतील तर कळवा, एसटीने आले तरी चालतील.

त्र्यंबकरोडवाली:

मास्तर, चारचे आहेत, लेकीला आता पाच लागतात. तिला विचारलं, दे म्हणाली. एका बुटाचे दोन खिळे झिजलेत आणि पिशवीत खिळे बसवायची चावी सापडत नाहीये, ती मिळाली की व्यक्तिगत निरोप करते.

स्प्लिटटाइम:

खिळे आणि चावी माझ्याकडे आहेत, थोरल्याच्या वेळच्या. पाचही नंबरचा एक जोड आहे, ताई तुम्हाला हवा असेल तर बघा.